पेडल सोडा म्हण

प्रिय सायली,

तुझी नाइट आणि माझी पहाट यांची गाठ पडत नाही, म्हणून हे लिहून डब्याच्या पिशवीत ठेवते आहे. कॅथलॅबमध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या मदतीने हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासून उघडतात त्या खोलीत, तू आता नर्स म्हणून जाणार. फोनवर त्या किरणांचा विषय काढला की तू "हो आई, शिशाचा ॲप्रन घालते" म्हणतेस आणि बोलणं तिथेच संपतं. ॲप्रन तू घालणारच, गळ्याला कॉलरही बांधशील. मला त्याच्या वरचं बोलायचं आहे. तिथे तुझे डोळे किरणांपुढे उघडे असतात.

माझे डोळे बिघडले तेव्हा तू नववीत होतीस. २०१४ सालचे गणपती. लालबागच्या रस्त्यावर दिव्यांच्या माळा लागल्या आणि मला प्रत्येक दिव्याभोवती धुकं दिसायला लागलं. परळच्या पुलावर समोरून टॅक्सी आली की तिचे दिवे डोळ्यांत घुसायचे. नंबर वाढला असेल म्हणून मी वर्ष काढलं. मग एका प्रायमरीच्या केसमध्ये, म्हणजे हार्ट अटॅक आल्यावर लगेच करायच्या अँजिओप्लास्टीत, रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपॅरिनच्या वायलवरचा आकडा मला वाचता येईना, टेक्निशियनला हाक मारावी लागली. मिलिलिटरला १००० युनिटची वायल आणि ५००० युनिटची वायल हाताला सारखीच लागते, हे तुला आता कळतं. त्या रात्री मी खरी घाबरले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून, बाहुली मोठी करून तपासलं. मोतीबिंदू, डाव्या डोळ्यात जास्त, आणि भिंगाच्या अगदी मागच्या बाजूला. वयाचा मोतीबिंदू सहसा असा सुरू होत नाही म्हणाले. स्टेरॉइड घेता का? नाही. मधुमेह? नाही. काम काय करता? पंधरा वर्षं कॅथलॅबमध्ये सिस्टर आहे म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. माझा मोतीबिंदू किरणांमुळेच झाला असं छातीठोकपणे कुणीही सांगू शकत नाही, आणि तेही म्हणाले नाहीत. पण भिंगाच्या कडेच्या पेशी किरणांनी बिघडल्या की त्या मागे सरकत जातात आणि तिथे साचून धूसर डाग होतो, एवढं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. भिंगाला रक्तपुरवठा नसतो. साचलेलं परत निघून जात नाही.

डावाच डोळा का, ते मला तेव्हा उमगलं. आपण पेशंटच्या उजव्या अंगाला, डॉक्टरांच्या शेजारी पायाकडे उभ्या राहतो. किरणांची नळी टेबलाखाली असते. ती आपल्यावर रोखलेली नसते म्हणून आपल्याला निर्धास्त वाटतं. पण किरण पेशंटच्या छातीत शिरले की त्यातले काही तिथून चहूकडे फुटतात. आपल्यापुरता दिवा म्हणजे तो पेशंटच, आणि तो आपल्या डावीकडे, आपल्या चेहऱ्याच्या खाली निजलेला असतो. आपली नजर मात्र समोर मॉनिटरवर. म्हणजे किरण चष्म्याच्या काचेतून न येता बाजूने आणि गालाजवळच्या फटीतून आत येतात. म्हणून सांगते, ज्याला बाजूच्या काचा नाहीत असा लेड गॉगल, म्हणजे शिशाच्या काचेचा चष्मा, घेऊ नकोस. गालाला नीट बसतो की नाही ते आरशात बघ. तुझा नंबर आहे, तर नंबर घालूनच करून घे. चष्म्यावर चढवलेला गॉगल घसरतो आणि तिसऱ्या केसला तू तो काढून ठेवशील. मी तसंच केलं असतं.

आमच्याकडे गॉगल एकच होता आणि तो डॉक्टरांसाठी असायचा. छतावरून लोंबणारी शिशाची काचही त्यांच्या चेहऱ्यापुढे ओढलेली असायची, माझ्यापर्यंत ती पोचायची नाही. मी ती मागितलीही नाही. केस चालू असताना सिस्टरने "जरा शील्ड इकडे घ्या" म्हणायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणखी एक कबूल करते. अंगावर पडलेले किरण मोजणारा टीएलडी बिल्ला मी कित्येक महिने लॉकरमधल्या खुंटीवर टांगून ठेवला. आकडा जास्त आला तर चौकशी होईल, कॅथलॅबमधून काढतील, अशी भीती होती. आम्ही बऱ्याच जणी तसंच करायचो. त्यामुळे माझ्या डोळ्यांवर किती किरण पडले याचा हिशेब आज कुठेच नाही. ही चूक माझी आहे, तू ती करू नकोस. आणि ॲप्रनच्या आत छातीवर लावलेला बिल्ला डोळ्यांचं काही सांगत नाही. कॉलरवर, बाहेरून, डाव्या बाजूला दुसरा बिल्ला मिळतो का ते विचार. लेखी विचार.

हे माझं एकटीचं रडगाणं समजू नकोस. मलेशियात क्वालालंपूरला अशाच लोकांचे डोळे तपासले, २०१० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. भिंगाच्या मागे डाग सापडले ते ५६ हृदयरोगतज्ज्ञांपैकी २९ जणांना आणि ११ नर्सपैकी ५ जणींना. किरणांशी संबंध नसलेल्या २२ जणांपैकी फक्त दोघांना. सगळ्यांची नजर गेली होती असं नाही, पण डाग होते. अकरा म्हणजे मूठभरच, तरी मला त्यात आमची ड्यूटी दिसते. पुढे २०११ मध्ये किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने डोळ्याच्या भिंगासाठीची मर्यादा वर्षाला १५० मिलिसिव्हर्टवरून (हे किरणांच्या मात्रेचं माप) सरासरी २० वर आणायला सांगितलं: सरासरी पाच वर्षांची, आणि कुठल्याही एका वर्षात ५० च्या वर नाही. मी कामाला लागले तेव्हापासून ती १५० च होती. इतकी वर्षं आम्ही सुरक्षित आहोत असं समजत होतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. पेशंट जागा असतो. मध्येच प्रेशर पडतं, उलटी होते, कुणी "आई गं" म्हणून हात शोधतो. तू धावत त्याच्या डोक्याशी जाणार, मला माहीत आहे. तू तशीच आहेस आणि तशीच राहा. पण जाताना मोठ्याने म्हण, "सर, पेडल सोडा." दोन सेकंद लागतात. डॉक्टरांनी पेडलवरचा पाय उचलला की किरण त्याच क्षणी बंद होतात, मागे काही उरत नाही. मग जा, हात धर, ॲट्रोपिनचं इंजेक्शन दे. सिने, म्हणजे जपून ठेवायचं चित्रीकरण, घेताना किरण नुसतं पडद्यावर बघायच्या साध्या फ्लुरोपेक्षा कितीतरी जास्त असतात, तेव्हा तुझं काम नसेल तर मागे हो. एक मीटरचे दोन मीटर झाले की किरण साधारण चौथाईवर येतात. पहिल्या आठवड्यात तुला संकोच वाटेल. मोठे डॉक्टर, तू नवीन. चांगले डॉक्टर रागावत नाहीत, कारण डोळे त्यांचेही तिथेच असतात. एखादा रागावलाच तर रागावू दे.

आणि काम सुरू व्हायच्या आधी तुझ्या भिंगाची एक नोंद हवी, म्हणजे पुढे तुलना करता येईल. मंगळवारी तुझा ऑफ आहे, दादरला साडेदहाची वेळ घेतली आहे. थेंब घातल्यावर तीन-चार तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं वाचता येत नाही, म्हणून एकटी लोकलने जायचं नाही. मी सोबत येते. माझा काळा चष्मा कपाटात आहे, तो घेऊन ठेवते.

डब्यात मेथीचे पराठे आहेत, गार व्हायच्या आत खा.

तुझी,
आई