मे महिन्यातल्या पक्षिफेऱ्या आणि जमिनीवरची घरटी

मा. संपादक,
स. न.

उन्हाळी सुट्टी लागली की पुणे जिल्ह्यात पक्षिनिरीक्षणाच्या सामूहिक फेऱ्या सुरू होतात. त्या व्हायलाच हव्यात. मात्र हिवाळ्याची पद्धत मे महिन्यात चालत नाही, हे बऱ्याच आयोजकांच्या ध्यानात येत नाही. हिवाळ्यात माळावर आलेले भोवत्यांसारखे पाहुणे आता परतलेले असतात आणि इथल्या पक्ष्यांची वीण सुरू असते, तीही थेट जमिनीवर. माळटिटवी खडेगोट्यांत उथळ खळगा करून सहसा चार अंडी घालते. रातवा तेवढाही खळगा करत नाही, त्याची दोन अंडी उघड्यावरच असतात. धाविक आणि पखुर्डीचंही तसंच. अंड्यांचा रंग मातीशी इतका मिळता असतो की पायाखाली येईपर्यंत ती दिसत नाहीत.

अंडं पायाखाली फुटणं त्या मानानं क्वचित घडतं. जास्त नुकसान होतं ते नुसतं थांबल्यानं. पंचवीस-तीस जणांचा घोळका घरट्याजवळ रेंगाळला की पक्षी उठतो आणि माणसं हलेपर्यंत परतत नाही. या दिवसांत अंड्यांना ऊब कमी आणि सावली जास्त लागते. टिटवी तर पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. ऊन चढल्यावर उघडी पडलेली अंडी वाया जातात, शिवाय कावळे आणि मुंगूस टपलेले असतातच.

म्हणून माळ आधी, झाडी नंतर. सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पावणेसहाला चालायला लागावं आणि साडेसातपर्यंत माळ सोडावा. गाड्या सावलीत लागतात म्हणून पुष्कळदा आधी झाडी फिरून होते आणि माळावर पोचेतो नऊ वाजतात. हा क्रम उलटवलाच पाहिजे. एका जाणत्यामागे दहा-बारा जण पुरेत. गुरांच्या पायवाटेनं एकामागोमाग चालावं, आडवी फळी धरून माळ तुडवू नये. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, किंवा एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत पुढं जाऊ लागला, तर घरटं जवळ आहे. ते शोधू नये, आल्या वाटेनं मागं फिरावं.

झाडीतला त्रास मोबाइलचा. मेअखेरीस सह्याद्रीच्या रानात नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येऊ लागते आणि लगेच कुणीतरी ध्वनिमुद्रित शीळ वाजवतं. नर हद्द राखायला धावून येतो, खाणंपिणं टाकून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला शोधत राहतो. वास्तविक पहाटे आणि सांजेला तो आपणहून बोलतो. पाचोळ्याच्या कडेला दहा मिनिटं न बोलता उभं राहिलं तर बहुधा दिसतोही. झाडीतल्या कमी उजेडात ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण दहापटीच्या तेवढ्याच भिंगाच्या दुर्बिणीपेक्षा बरी. चित्र उजळ दिसतं आणि हात कमी थरथरतो. कपडे मातकट असावेत, पाणी माणशी दीड लिटर.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येत वन्यपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंही येतं. सहभागींना हे निघण्यापूर्वीच सांगावं.

आपल्याला एक विनंती. अशा फेऱ्यांच्या बातम्यांसोबत घरट्याचं छायाचित्र किंवा नेमकं ठिकाण छापू नये. तालुक्याचं नाव पुरेसं आहे.

– माळरानावर पक्षिनिरीक्षण करणारे काही वाचक, पुणे