परिचारिकांचे प्रशिक्षण औषधांच्या ट्रॉलीपाशी व्हावे

संपादक महोदय,
स. न.

१७ सप्टेंबरचा जागतिक रुग्णसुरक्षा दिन आला की रुग्णालयांत परिचारिकांना सभागृहात बसवतात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच नियम पडद्यावर येतात, रजिस्टरवर सह्या होतात, आणि इंदूर आहे म्हटल्यावर कचोरीही होतेच. हे नियम कोणत्याही सिस्टरला झोपेतून उठवून विचारा, घडाघडा म्हणेल. तरी चुका होतात.

सारी नोकरी वॉर्डात केली म्हणून सांगते. आपल्याकडे इन्सुलिनच्या नेहमीच्या व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत, एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, इन्सुलिन टोचायच्या पेनमध्ये बसणाऱ्या कार्ट्रिजमध्ये १००. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. रात्री पेन अडले म्हणून कार्ट्रिजमधले इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाला ५० युनिट जातात. साखर धोक्याइतकी खाली यायला तेवढे पुरे. हे पडद्यावर दाखवून कळत नाही. दोन्ही सिरिंज हातात देऊन पाणी ओढायला लावावे, मग फरक डोळ्यांना दिसतो. पोटॅशियम क्लोराइड सलाईनमध्ये न मिसळता थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते. ते ट्रॉलीत इतर अ‍ॅम्प्यूलशेजारी असूच नये, कुलपात असावे. पण हा धडा सिस्टरपेक्षा व्यवस्थापनाला द्यायला हवा.

त्याहून अवघड गोष्ट विचारण्याची. दहापुढे 'युनिट'साठी घाईत ओढलेला इंग्रजी यू शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. नवी मुलगी मध्यरात्री मोठ्या डॉक्टरांना फोन करून "सर, दहा की शंभर?" विचारायला कचरते, कारण ओरडा तिलाच बसतो. फोनवरची ऑर्डर लिहून परत वाचून दाखवणे, इन्सुलिन आणि रक्त गोठू न देणारे हेपॅरिन दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेणे, याचा सराव डॉक्टरांना सोबत घेऊनच व्हावा. चूक होता होता वाचली असे सांगणारीला मेमो मिळत असेल, तर पुढच्या वेळी कोण सांगेल?

आपल्या राज्यातल्या नर्सिंग कॉलेजांची सीबीआय चौकशी झाली, परीक्षा रखडल्या. त्यात मुलींचा काय दोष? कॉलेजात राहिलेले वॉर्डातच भरून काढावे लागेल. ड्यूटी बदलताना, ट्रॉलीपाशी, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे, इन-चार्ज सिस्टर आणि फार्मासिस्ट यांनी शिकवावे. इथल्या सरकारी एम.वाय. रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच व्हावी.

— एक निवृत्त परिचारिका,
लोकमान्य नगर, इंदूर