अर्जावरचा फोटो बसवण्याचे काम संकेतस्थळाने करावे : एक खुले पत्र

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : ऑनलाइन अर्जातील छायाचित्र व सही यांच्या आकारमानाच्या अटींबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या गावात गेली १८ वर्षे फोटो स्टुडिओ चालवतो. अलीकडे भरतीची जाहिरात निघाली की दुकानात येणाऱ्या बहुतेक मुलामुलींना नवा फोटो नको असतो. मोबाइलमध्ये असलेलाच फोटो अर्जात ‘बसवून’ हवा असतो. त्यासाठी ती वीस-वीस किलोमीटरवरून येतात.

साध्या मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा आणि तीन-चार एमबीचा असतो. अनेक अर्ज मात्र २०० बाय २३० पिक्सेलचा, २० ते ५० केबीचा फोटो मागतात. पिक्सेल म्हणजे चित्रातले ठिपके आणि केबी म्हणजे फाइलचे वजन, ही दोन वेगळी मापे आहेत, हे उमेदवाराला कोणी सांगितलेले नसते. केबी कमी करण्यासाठी तो पिक्सेल तसेच ठेवून फक्त साठवणीचा दर्जा उतरवत जातो. फोटो दाबून साठवण्याची जेपेग पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून काम करत असल्यामुळे शेवटी चेहऱ्यावर ते चौकोनच दिसू लागतात. आधी क्रॉप म्हणजे नको त्या कडा कापणे, मग पिक्सेल कमी करणे आणि सर्वांत शेवटी दर्जा ठरवणे हा क्रम फोटोशॉप किंवा गिम्प ही फोटोची सॉफ्टवेअर रोज वापरणाऱ्याच्या अंगवळणी पडलेला असतो. तो शिपाईपदाच्या उमेदवाराला ठाऊक असावा, अशी अपेक्षा कशासाठी?

याहून गंभीर बाब प्रमाणाची आहे. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा असतो. त्या प्रमाणात २०० पिक्सेल रुंदीला सुमारे २५७ पिक्सेल उंची येते आणि अर्ज २३० मागतो. म्हणजे आम्ही नियमानुसार काढून दिलेला फोटो त्या चौकटीत जसाच्या तसा बसूच शकत नाही. छातीकडचा भाग कापला तर चेहरा शाबूत राहतो. परंतु घाईत असलेला उमेदवार सॉफ्टवेअरमधील रुंदी-उंचीचे प्रमाण राखण्याची खूण काढून दोन्ही आकडे हाताने भरतो, आणि चेहरा उंचीला सुमारे दहाव्या हिश्श्याने दबतो. परीक्षा केंद्रावर ओळख पटवायची ती याच दबलेल्या चेहऱ्यावरून.

सहीची अट तर मला अद्याप उमगलेली नाही. १४० बाय ६० पिक्सेलच्या सहीत अवघे ८,४०० पिक्सेल असतात. तिळमात्र न दाबता साठवली तरी ती २५ केबीच्या आसपास जाते. पांढऱ्या कागदावरची काळी सही नीट साठवली की पाच केबीतही स्वच्छ दिसते, आणि अर्ज ती ‘किमान १० केबी’ नाही म्हणून नाकारतो. मग चांगली फाइल मुद्दाम फुगवून द्यावी लागते. कमाल मर्यादा मी समजू शकतो, किमान मर्यादेने कोणाचे काय साधते?

मागच्या वर्षी एका मुलीच्या प्रवेशपत्रावर फोटो आडवा छापला गेला. मोबाइल फोटो फिरवत नाही, ‘हा उभा दाखवा’ एवढी नोंद फाइलमध्ये ठेवतो. तिच्या मोबाइलने ती नोंद वाचली, अर्ज स्वीकारणाऱ्या यंत्रणेने वाचली नाही. तिला चूक दिसण्याची सोयच नव्हती. ज्यांना दुकान गाठता येत नाही, ते कोणत्या तरी फुकट संकेतस्थळावर फोटो, सही आणि कधीकधी आधार कार्डही चढवतात. त्या फाइली पुढे कोठे जातात, याची मला मनापासून काळजी वाटते.

माझी मागणी अशी की, उमेदवाराने मूळ फोटो निवडावा, पडद्यावरची चौकट चेहऱ्यावर ठेवावी आणि क्रॉप करणे, सरळ करणे, लहान करणे हे सर्व अर्जाच्या पानानेच करावे. ब्राउझरमध्ये ही सोय कित्येक वर्षांपासून आहे. मोठी फाइल मोबाइलमधून बाहेरसुद्धा पाठवावी लागत नाही. सर्व विभागांसाठी ३५:४५ हे एकच प्रमाण ठरवावे आणि किमान केबीची अट काढून टाकावी. असे पान तयार झाल्यावर ते भरती सुरू होण्यापूर्वी गावातील मुलांच्या साध्या मोबाइलवर तपासले जावे. त्या तपासणीसाठी माझे दुकान, संगणक आणि वेळ मी विनामोबदला देईन.

आपला विश्वासू,
एक स्टुडिओचालक