झेरॉक्सवाल्या ताईंना, एका प्लंबरकडून

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

पोवई नाक्यावरच्या तुमच्या दुकानात त्या दिवशी मी फक्त आधारची झेरॉक्स काढायला आलो होतो. एका सोसायटीच्या टाक्यांचं आणि पाइपलाइनचं काम मिळालं होतं, पण सेक्रेटरी म्हणाले, धंद्याच्या नावानंच चेक देणार. बँक म्हणाली, त्या नावाचं खातं हवं तर धंद्याचे दोन पुरावे आणा. मोबाइलवर शोधलं तर तिरंगा लावलेली एक साइट आली. तिथं दोन हजार भरले आणि पुढे फोन उचलायलाच कुणी नाही.

हे ऐकून तुम्ही कपाळाला हात लावलात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी, 1 जुलै 2020 पासून आहे, सरकारी साइटवर तिला एक रुपयाही लागत नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. माझा फॉर्म आधी अडकला होता तो नावावर. आधारवर आडनाव पहिलं, पॅनवर शेवटी, आणि मी दोन्हीकडे एकच टाकत होतो. "कार्डावर जसं आहे तसंच टाका, अक्षर बदलू नका," एवढंच तुम्ही म्हणालात. ओटीपी गेला बायकोच्या मोबाइलवर, तो तिनं फोनवरून तीनदा वाचून दाखवला.

मग तुम्ही विचारलंत, "नळ विकता की बसवता?" मी म्हटलं, दोन्ही. "पैसे कशाचे मिळतात?" बसवण्याचे. म्हणून धंद्याचा प्रकार 'सेवा'. धंदा कधी सुरू झाला या रकान्यात मी आजची तारीख सांगत होतो. तुम्ही ऐकेनात. मिस्त्रीचा हात सोडून मी स्वतःचा पाइपला आटे पाडायचा डाय घेतला, तो महिना आठवून काढायला लावलात. आणि कामावर माणसं किती? मी म्हटलं, एकटाच. "फोन कोण घेतं? उधारीची वही कोण लिहितं?" असं म्हणून महिलांच्या रकान्यात तुम्ही 1 टाकलात. घरी प्रिंट दाखवली तेव्हा बायको त्या आकड्यावर बोट ठेवून बराच वेळ बसली होती.

दुसरा पुरावा शॉप अ‍ॅक्टचा, म्हणजे दुकान-धंद्याच्या कायद्याखालच्या नोंदीचा. त्याचं मला जास्त भ्या होतं. आमचे मिस्त्री त्याच्याच जुन्या परवान्यासाठी, गुमास्त्यासाठी, खेटे घालायचे, ते बघितलं होतं. 2017 च्या कायद्यानं कामगार थोडेच असतील तर नुसती सूचना द्यायची, तीही 'आपले सरकार'वरून, हे तुम्ही सांगितलंत. मराठी पाटीचा फोटो हवा होता. दुकानच नाही तर पाटी कुठली? लेकीनं पुठ्ठ्यावर रंगवली, दाराला टांगली, फोटो काढला. अजून तीच आहे, पावसानं कड फुगलीय. सेक्रेटरींनी जीएसटी नंबरही मागितला होता. सेवेला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर तो लागत नाही, हे त्यांना सांगताना माझा आवाज जरा चढलाच असेल.

परवा चेक वटला. त्या दिवशी तुम्ही फक्त प्रिंटचे पैसे घेतलेत. हातात दिलेली शंभराची नोट परत खिशात कोंबलीत.

तुमच्या दुकानामागच्या मोरीतला नळ ठिबकतो, ते मी तेव्हाच बघितलं होतं. रविवारी सकाळी वॉशर घेऊन येतो. बिलबुक घरीच ठेवतो.

आपला,
पुठ्ठ्याच्या पाटीचा प्लंबर