दरवाजा बंद झाल्यावर गोष्ट थांबव

दादर, मुंबई

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मुलुंडच्या वाचनालयातला शनिवारचा गोष्टींचा तास तू स्वीकारलास, याचा तुझ्या बाबांना आणि मला फार आनंद झाला. तुझी तक्रार मात्र माझ्या चांगल्या ओळखीची आहे. गोष्ट संपली की तू विचारतेस, "ही बाई कशी होती?" आणि तिसरी ते पाचवीची सगळी मुले एका सुरात "शूर, धाडसी, प्रेमळ" असे म्हणून चपला शोधायला लागतात. फोनवर याविषयी बोलत होतो तेवढ्यात तुझी गाडी आली आणि बोलणे अर्धवट राहिले, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

यात मुलांचा काही दोष नाही. 'एका वाक्यात उत्तरे लिहा', 'कोण कोणास म्हणाले', 'गुण लिहा' हे स्वाध्याय वर्षानुवर्षे सोडवले की गोष्ट संपताच दोन-तीन विशेषणे हजर करायची असतात, हे त्यांच्या अंगवळणी पडते. त्यात परिपाठाला रोज बोधकथा आणि बोधकथेला तात्पर्य. महापालिकेच्या शाळेत मी इतकी वर्षे शिकवले, तिथेही हेच होते आणि मोठ्या फीच्या शाळांतही काही वेगळे चालत नाही. विशेषण म्हणजे प्रगतिपुस्तकातली श्रेणी. ती वाचून मूल वर्गात कसे बसते, कसे भांडते, यातले काहीही कळत नाही. म्हणून कोणी "धाडसी" म्हणाले की ते खोडून काढू नकोस, फक्त पुढचा प्रश्न विचार, "असे तिने काय केले की तुला ती धाडसी वाटली?" मग मुलांना पुन्हा गोष्टीत शिरावे लागते.

पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे चर्चेसाठी गोष्ट संपायची वाट पाहू नकोस. पात्राची वाट जिथे अडते आणि त्याने अजून काहीही ठरवलेले नसते, तिथेच थांब. शेवट कळल्यानंतर सगळीच मुले शहाणी होतात आणि जे घडले तेच घडायला हवे होते, असे त्यांना वाटू लागते. शेवट ठाऊक नसताना मात्र प्रत्येकाला स्वतःचे डोके चालवावे लागते.

हिरकणीची कथा घे. मुलांनी ती ऐकलेली असेल, तरी बिघडत नाही. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण, कोजागरीचा दिवस, गिऱ्हाइके करता करता झालेला उशीर, तिन्हीसांजेला बंद झालेले गडाचे दरवाजे आणि खाली वाडीत तान्हे बाळ, इथवर ये आणि पुस्तक मिटून ठेव. मग विचार, "आता तिच्यापुढे कोणकोणते मार्ग आहेत?" मुले आधी तयार उत्तर देतील, कडा उतरायचा. ते ऐकून घे, फळ्यावर लिहून ठेव आणि म्हण, "हा एक झाला. आणखी?" मग हळूहळू बाकीचे मार्ग निघतात. पहारेकऱ्याच्या पाया पडायचे, त्याला उरलेले दूध देऊ करायचे, आरडाओरडा करायचा, थेट महाराजांकडे जायचे, पहाट होईपर्यंत दरवाजापाशी बसून राहायचे. माझ्या वर्गात लालबागच्या चाळीतला एक मुलगा होता. तो उठून शांतपणे म्हणाला, "बाई, शेजारीण पाजेल ना बाळाला. आमच्याकडे पाजतात." सगळा वर्ग हसला आणि मला मात्र त्या उत्तराचा फार हेवा वाटला. कारण शेजारीण आहे, बाळ कदाचित उपाशी राहणार नाही, असे एकदा मनात आले की हिरकणीचे उतरणे ही अपरिहार्य गोष्ट राहत नाही; तो तिने स्वतः घेतलेला निर्णय ठरतो. दुसरा मार्ग असतो तिथेच धैर्याविषयी काही बोलता येते. ज्याला पर्यायच नाही, त्याच्याविषयी आपण फार तर हळहळ व्यक्त करतो.

इथे एक धोक्याची सूचना. मागे बसलेले पालक "आईचे काळीज" असे काहीतरी बोलतील, मुले माना डोलावतील आणि विचार तिथेच थांबेल. त्या रात्री गडावर आणखी एखादी लेकुरवाळी अडकली असती आणि ती कडा न उतरता दरवाजापाशी रडत बसली असती, तर ती काही कमी प्रेमळ आई ठरली नसती. हे मुलांना आवर्जून विचार, विशेषतः मुलींना. तुला आठवते का, लहानपणी तूच मला विचारले होतेस, "मग सगळ्या आयांनी कडे उतरायचे का?"

मग पहारेकऱ्याकडे वळ. त्याच्याकडे सहसा कोणी पाहतच नाही आणि माझ्या मते गोष्टीतला सर्वांत उपयोगी माणूस तोच आहे. सूर्यास्तानंतर दरवाजा उघडायचा नाही, असा हुकूम आहे. समोर एक बाई गयावया करते आहे आणि तिचे म्हणणे खोटे नाही, हे त्यालाही दिसते आहे. एका मुलाला पहारेकरी कर, एका मुलीला हिरकणी कर आणि दोघांना बोलू दे. तू मध्ये पडू नकोस. मुंबईच्या मुलांना हे दृश्य शिकवावे लागत नाही. प्रत्येकाच्या इमारतीत वॉचमन असतो, रात्री उशिरा आलेल्या पाहुण्याची नोंद केल्याशिवाय आत न सोडणारा आणि त्यापायी सोसायटीतल्या कोणाची तरी बोलणी खाणारा. माझ्या वर्गात एकदा पहारेकरी झालेली मुलगी म्हणाली, "तुला सोडले तर उद्या कोणालाही सोडावे लागेल," आणि पुढच्याच क्षणी तिचा आवाज कापरा झाला. नकार देणाऱ्यालाही मन घट्ट करावे लागते, हे त्या कापऱ्या आवाजाने वर्गाला जितके समजले तितके माझ्या व्याख्यानाने समजले नसते. काही मुले पहारेकऱ्याला दुष्ट ठरवतील, काही त्याची बाजू घेतील. निकाल देण्याची घाई करू नकोस.

आता पुढची गोष्ट सांग आणि ती घाईने सांगू नकोस. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० फूट उंच आहे. तुझ्या मुलांतली काही जण रोपवेने गडावर गेलेली असतील. ज्या वाडीतून रोपवे सुटतो तिचे नाव हिरकणीवाडी आहे, हे त्यांना सांग आणि पाळण्यातून खाली बघताना पोटात काय झाले, ते विचार. मग म्हण, आता पाळणा काढून टाका, हाताला गवत आणि कातळ आहे, नऊवारीचा काष्टा आहे आणि चांदणे पडले आहे. चांदण्याने तिचे काम सोपे झाले की अवघड, या प्रश्नावर माझ्या वर्गात नेहमी भांडण होत असे. पाऊल टाकायला जागा दिसते, असे एक गट म्हणे. खालची दरीही दिसते, असे दुसरा. भीतीविषयी मुले याच वळणावर मोकळेपणी बोलतात, कारण बोलणे हिरकणीविषयी चाललेले असते. "तुला कशाची भीती वाटते?" असे थेट कोणालाही सर्वांदेखत विचारू नकोस. ज्याला सांगायचे असते तो हिरकणीच्या नावाने स्वतःचेच सांगतो आणि ते ओळखणे हे आपले काम.

शहरातल्या मुलांसमोर आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो. हाच कडा, हीच रात्र, पण बाळ नाही. कोणीतरी पैज लावली म्हणून ती उतरली असती, तर? महाराजांनी तिचा मान केला असता का? या प्रश्नावर वर्ग क्षणभर गप्प होतो, मग कोणीतरी लोकलच्या दारात लटकणाऱ्या दादाचे नाव काढतो आणि श्रावणात हा तास घेतलास तर दहीहंडीचा विषय हमखास निघतो. चौदा वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढवायला मनाई आहे, हे मुलांना ठाऊक असते आणि ते त्यांना अन्यायाचे वाटते. तिथे उपदेश करू नकोस. वरच्या थरावरचा गोविंदा कोणासाठी चढतो, खालचे खांदे कोणाचे असतात, पडला तर कोणाचे काय जाते, एवढेच विचार आणि तीच मोजपट्टी हिरकणीला लावून पाहा. हिरकणीनेही जीव धोक्यात घातलाच होता, हे कोणीतरी हुशार मूल म्हणेल. म्हणू दे. ते खरेच आहे आणि त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही.

गोष्टीचा शेवटही नीट वाचण्यासारखा आहे. महाराज तिला शिक्षा न करता तिचा गौरव करतात आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधून घेतात. बुरूज का, असे विचार. "तिच्या आठवणीसाठी," असे बहुतेक जण म्हणतील. थोडे थांबलीस तर एखादा म्हणेल, "बाई, जिथून ती उतरली तिथून शत्रू चढेल ना!" कौतुक आणि खबरदारी एकाच कृतीत आहेत, हे कळले की महाराजांचा स्वभावही मुलांना विशेषणांवाचून समजतो. ही कथा परंपरेने चालत आलेली आहे, बुरूज मात्र आजही गडावर उभा आहे, एवढे प्रामाणिकपणे सांगून टाक. दंतकथा आणि इतिहास यांतला फरक नऊ वर्षांच्या मुलाला सहज पेलतो.

तो फरक कळावा म्हणूनच पुढच्या शनिवारी सावित्रीबाई फुले घ्याव्यात, असे मला वाटते. हिरकणीचे धैर्य एका रात्रीचे. सावित्रीबाईंचे रोज सकाळचे. १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा त्या अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. वाटेत लोक अंगावर शेण, चिखल, दगड टाकत, म्हणून त्या एक जादा लुगडे बरोबर नेत. इथे थांबायची जागा रस्त्यावर शोधू नकोस, घरात शोध. आदल्या दिवशीचे लुगडे धुऊन वाळत पडले आहे, शाळेची वेळ झाली आहे आणि दुसरे लुगडे घडी करून घ्यायचे आहे. ते हातात घेणे म्हणजे आजही तेच होणार, हे मान्य करणे. त्या वेळी मनात काय येत असेल, ते मुलांना लिहू दे. बोलण्यापेक्षा इथे लिहिणे बरे. "त्यांनी उलट शेण का नाही मारले?" असे मुले विचारतातच आणि तो प्रश्न टाळू नये. ओट्यावर उभे राहून नुसते पाहणारे लोकही त्यांना दाखव. शेण टाकणाऱ्यांपेक्षा त्यांची संख्या जास्त असणार आणि वर्गातल्या भांडणात आपण बहुतेक वेळा कुठे उभे असतो, हे मुलांना तू न सांगताही कळते. १८९७ च्या प्लेगात आजारी मुलाला पाठीवरून दवाखान्यात नेताना त्यांना लागण झाली आणि त्यातच त्या गेल्या, हे वयाचा अंदाज घेऊन सांग. पाचवीच्या मुलांना सांगता येते.

काही व्यवहाराच्या गोष्टी. पालकांना बाहेरच्या वाचनकक्षात बसव, नाहीतर मागून "सांग ना, निर्भय!" अशी कुजबुज चालू राहते. प्रश्न विचारल्यावर लगेच दुसरा विचारू नकोस. शांतता तुला जितकी लांब वाटते तितकी ती मुलांना वाटत नाही. पहिल्या उत्तराला "शाब्बास" म्हटलेस की बाकीची मुले त्याच उत्तराची नक्कल करतात, म्हणून मान हलवून पुढच्याकडे पाहावे. आणि एखादी मुलगी "मी नसते उतरले" असे म्हणाली, तर तिला धीर द्यायला धावू नकोस. तिने इतरांपेक्षा जास्त विचार केलेला असण्याचा संभव मोठा आहे, "मग तू काय केले असतेस?" एवढेच विचार आणि तिचे उत्तरही फळ्यावर, कडा उतरण्याच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरात लिही.

बाबांनी माळ्यावरून माझ्या जुन्या टाचणवह्या काढून ठेवल्या आहेत. रविवारी आलीस तर घेऊन जा. येण्यापूर्वी हिरकणीचा तास झाला असेल, तर पहारेकऱ्याचे काम कोणाला दिलेस आणि त्याने दरवाजा उघडला की नाही, ते मला ऐकायचे आहे.

तुझी,
आई