जोखीम मोजणारा आणि पैसे घेणारा एकच नको

महोदय,

अमेरिकेतील वृद्धांच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेतून खासगी विमा कंपन्यांना पैसे कोणत्या हिशेबाने मिळतात, हा विषय मराठी वृत्तपत्राचा नव्हे असे वरकरणी वाटेल. पण त्या हिशेबासाठी लागणारी रुग्णांची कागदपत्रे वाचण्याचे काम पुण्यात आणि नवी मुंबईतही चालते, आणि मी स्वतः अशा एका कार्यालयात नऊ वर्षे मेडिकल कोडर, म्हणजे कागदपत्रांतील निदानांना ठरावीक सांकेतिक कोड लावणारा, होतो, म्हणून हे लिहीत आहे.

मेडिकेअर १९६५ सालची. १९८०च्या दशकात सरकारने खासगी कंपन्यांना दरमहा दरडोई ठरावीक रक्कम देऊन वृद्धांच्या उपचारांची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवायला सुरुवात केली. ही रक्कम तेव्हा वय, लिंग, राहण्याची काउंटी (जिल्हा) अशा मोजक्या गोष्टींवर ठरत असे, आणि व्यक्तीव्यक्तींच्या खर्चातला जेमतेम एक टक्का फरक त्या मोजमापात उतरत असे. पंचाहत्तरीच्या दोन शेजारणींपैकी एक रोज फिरायला जाते आणि दुसरीचे हृदय थकत चालले आहे, तरी दोघींसाठी कंपनीच्या हाती सारखेच पैसे पडत. साहजिकच कंपन्यांकडे धडधाकट माणसे अधिक गेली. सरकारी योजनेतील खर्चाच्या ९५ टक्केच रक्कम देऊन आपण पाच टक्के वाचवतो, असा सरकारचा समज होता. प्रत्यक्षात या निरोगी माणसांवर सरकारचा स्वतःचा खर्च त्याहून कमी झाला असता.

म्हणून १९९७च्या कायद्याने आजारपणही हिशेबात धरण्याचे बंधन घातले आणि २००४पासून एचसीसी ही निदानांच्या श्रेणीबद्ध गटांची पद्धत आली. डॉक्टरांनी वर्षभरात नोंदवलेल्या निदानांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला भार द्यायचा, बेरजेतून त्या माणसाचा रिस्क स्कोअर, म्हणजे जोखमीचा आकडा, काढायचा आणि त्या प्रमाणात पुढच्या वर्षीची रक्कम ठरवायची. कल्पना न्याय्य आहे, आणि सरसकट दराकडे परत जावे असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र स्कोअर ज्या नोंदींवर ठरतो त्या नोंदी कंपनीच सरकारकडे पाठवते, आणि जास्त स्कोअरचा फायदाही तिलाच होतो.

मधुमेहाचेच पाहा. एचसीसीच्या अलीकडेपर्यंत चालू असलेल्या आवृत्तीत, घरी राहणाऱ्या सर्वसाधारण वृद्धासाठी गुंतागुंत नसलेल्या मधुमेहाचा भार ०.१०५ होता आणि दीर्घकालीन गुंतागुंत असलेल्या मधुमेहाचा ०.३०२. स्कोअर १ असलेल्या माणसासाठीचा मूळ दर महिना हजार डॉलर धरला, तर फरक वर्षाला २,३६४ डॉलरचा होतो, आणि तोही कागदावरच्या एका शब्दाने. त्यामुळे जुनी कागदपत्रे पुन्हा चाळून राहून गेलेली निदाने शोधणे, ज्याला आम्ही चार्ट रिव्ह्यू म्हणत असू, हा स्वतंत्र धंदाच झाला. आमच्या कार्यालयात रोज किती ‘ॲड’, म्हणजे नव्याने जोडलेले कोड, निघाले ते फलकावर लिहिले जाई. ज्या कोडला कागदपत्रांत आधारच नाही तो ‘डिलीट’ करण्यासाठी त्या फलकावर रकाना नव्हता. सगळेच ‘ॲड’ खोटे होते असे नाही, बरेचसे खरेच सुटलेले असत. पण चाळणी एकाच बाजूने धरली होती, हेही खरे.

कंपन्यांनी पाठवलेल्या परिचारिका घरी येऊन आरोग्य-जोखीम तपासणी करतात, तिथेही हेच होते. अमेरिकी आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०२४च्या ऑक्टोबरमध्ये दाखवले की, जी निदाने केवळ आरोग्य-जोखीम तपासण्यांत आणि त्यांना जोडलेल्या चार्ट रिव्ह्यूंत आढळली, पुढे ज्यांवर उपचाराची एकही नोंद नव्हती, त्यांच्यापोटी २०२३ या वर्षासाठी सुमारे साडेसात अब्ज डॉलर दिले गेले. अमेरिकी संसदेला मेडिकेअरबाबत सल्ला देणाऱ्या मेडपॅक या आयोगाच्या अंदाजानुसार २०२५मध्ये खासगी योजनांवर, तीच माणसे सरकार स्वतः चालवते त्या मूळ मेडिकेअरमध्ये असती तर झाला असता त्याहून २० टक्के, म्हणजे ८४ अब्ज डॉलर जास्त खर्च होणार होता. त्यातला मोठा वाटा वाढीव कोडिंगचा.

उपाय झालेच नाहीत असे नाही. २०२४ ते २०२६ अशा तीन टप्प्यांत लागू झालेल्या नव्या आवृत्तीत, गुंतागुंत असो वा नसो, मधुमेहाच्या तिन्ही गटांना एकच भार दिला, त्यामुळे वर सांगितलेली कसरतच निरर्थक ठरली. जर्मनीतही रोगांवर आधारलेली अशी पद्धत २००९पासून आहे. तिथल्या एका मोठ्या आरोग्य विमा निधीच्या (विमा संस्थेच्या) प्रमुखाने २०१६मध्ये उघड मान्य केले की निधी डॉक्टरांना रुग्ण कागदावर अधिक आजारी दाखवायला उद्युक्त करतात. त्यानंतर २०२०च्या कायद्याने, ज्या रोगगटाच्या नोंदी संशयास्पद वेगाने वाढतात त्याचा जादा पैसाच बंद करण्याची तरतूद झाली.

अमेरिकेने किमान मेडपॅकने २०१६मध्येच सुचवलेले करावे: स्कोअर दोन वर्षांच्या नोंदींवर काढावा आणि केवळ आरोग्य-जोखीम तपासणीत सापडलेले निदान त्यात धरू नये. इथल्या ज्या संस्था तरुणांना काही महिन्यांत कोडिंग शिकवून नोकरीला लावतात, त्यांनीही कोड कसा लावायचा याबरोबर तो कधी काढायचा, आणि काढला तर कोणाचे किती पैसे वाचतात, हे पहिल्या आठवड्यातच शिकवावे.

आपला,
एक माजी मेडिकल कोडर, पुणे