परत आलेला चेक आणि हातातले तीस दिवस

प्रति,
मा. संपादक,

सादर नमस्कार.

हे पत्र खरं तर बँकांसाठी आहे. पण माझ्यासारखीचं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचायचं तर ते आपल्या पानावरूनच पोचेल, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझे पती आणि मी छोटं मशीन शॉप चालवतो. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, चार कामगार. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर टर्निंग-ड्रिलिंग करून आम्ही माल पुढे देतो. मशीनचं काम ते बघतात. चलन, बिलं, जीएसटी आणि बँक माझ्याकडे. बारा वर्षं हे सांभाळते आहे, कागदाला मी घाबरत नाही. तरीही आमचे १ लाख ८६ हजार ४०० रुपये अडकले, आणि ते का अडकले हे लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

परजिल्ह्यातल्या एका जुन्या गिऱ्हाइकानं १२ जानेवारी तारखेचा चेक दिला. मी तो १५ ला भरला, १७ ला परत आला. बँकेनं मेमो दिला, त्यावर इंग्रजीत कारण होतं: खात्यात पुरेशी शिल्लक नाही. दंडाची रक्कमही आमच्या खात्यातून कापली गेली. मी फोन केला. मालक म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका, थोडं थांबा. पुढच्या सोमवारी आरटीजीएस करतो." आठ वर्षांचा व्यवहार होता. मी थांबले. तो सोमवार गेला, फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये "इयर एंडिंग होऊ दे", एप्रिलमध्ये "नवा चेक पाठवतो". एप्रिलच्या शेवटी वकिलांकडे गेले तेव्हा त्यांनी आधी मेमोवरची तारीख बघितली, मग चेकवरची, आणि मान हलवली.

चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत, चेक देणाऱ्याला पैसे मागणारी लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत त्यानं पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार करायची. कोर्टाच्या आवारात जिला (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ वरून) 'एकशे अडतीसची केस' म्हणतात ती हीच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोर्टात जायला उशीर झाला आणि कारण सबळ असलं तर न्यायाधीश तो माफ करू शकतात. नोटिशीचे ३० दिवस चुकले तर मात्र माफी नाही. माझे ३० दिवस १६ फेब्रुवारीला संपले होते. त्या दिवशी मी त्या गिऱ्हाइकाच्या फोनची वाट बघत बसले होते.

याहून जास्त मला दुसरी गोष्ट लागली. चेक तारखेपासून तीन महिने चालतो आणि त्या मुदतीत तो पुन्हा भरता येतो. पुन्हा परत आला, तर नोटिशीचे ३० दिवस नव्यानं मोजले जातात. पहिल्या वेळी केस केली नाही म्हणून दुसऱ्या वेळचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं २०१२ मध्येच सांगितलं आहे. म्हणजे मार्चमध्ये किंवा अगदी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी तोच चेक पुन्हा भरला असता, तरी मार्ग मोकळा होता. चेक माझ्या कपाटात होता, बँक दहा मिनिटांवर. मला कोणी सांगितलं नाही, आणि हे विचारायचं असतं हेही मला ठाऊक नव्हतं.

गिऱ्हाईक परगावचं म्हणून पुष्कळ जण गप्प बसतात. दोनशे किलोमीटरवर तारखांना कोण जाणार? ही भीती एके काळी खरी होती. २०१४ मध्ये दशरथ राठोड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं असा निकाल दिला की, चेक देणाऱ्याची बँक जिथं आहे तिथंच केस चालेल. पण २०१५ मध्ये कायदाच बदलला. आता आपण ज्या शाखेतल्या आपल्या खात्यात चेक भरतो, त्या शाखेच्या गावी केस चालते. आमची कोल्हापुरात चालली असती.

नोटीस वकिलानंच पाठवावी असंही नाही. स्वतः लिहून पोच येईल अशा टपालानं पाठवली तरी चालते, फक्त चेकची रक्कम पैशापर्यंत अचूक हवी. व्याज, जुनी बाकी, नुकसानभरपाई असं सगळं एकाच आकड्यात मिसळलं तर केस तिथंच पडू शकते.

वकिलांनी दोन वाटा दाखवल्या. एक दिवाणी दाव्याची. त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि ती संपण्याआधी समोरच्यानं बाकी मान्य असल्याचं सहीनिशी लिहून दिलं तर त्या दिवसापासून ती पुन्हा मोजली जाते. आपल्याकडे मार्चअखेरीला खातेउताऱ्यावर सही घ्यायची जुनी पद्धत आहे, ती मोडू नये. दुसरी वाट सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याची. माल किंवा जॉबवर्क स्वीकारल्यावर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज. आमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी केलेली नोंद, २०२१ ची, कर्जासाठी केलेली, म्हणून आम्हाला या कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या परिषदेकडे अर्ज करता आला. तो अजून चालू आहे. नोंदणी कामाच्या आधीची असणं महत्त्वाचं. वाद झाल्यावर धावत जाऊन केलेल्या नोंदणीवर विसंबू नये. आणि नुसत्या खरेदी-विक्रीच्या दुकानदारांना उद्यम नोंदणी मिळत असली तरी उशिराच्या पैशांचं हे संरक्षण मिळत नाही. हे सांगितल्यावर माझ्या भावाचा चेहरा उतरला. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे.

केस केली की गिऱ्हाईक तुटतं, हे मी नाकारत नाही. चार कामगारांचा पगार डोळ्यासमोर असताना नोटिशीवर सही करायला हात उचलत नाही. पण नोटीस म्हणजे केस नव्हे. नोटीस देऊन बोलणं चालू ठेवता येतं. मुदत गेल्यावर मात्र समोरच्याची मर्जी तेवढी उरते.

या प्रकारानंतर आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी जे कळलं ते सांगितलं, आणि बायका प्रश्न घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या. एकीनं पतसंस्थेत जावेच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. "मी पैसे घेतलेच नाहीत, मला कशी नोटीस?" १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि संस्था आधी जामीनदाराच्या दारात येऊ शकते, हे तिला सांगताना माझाच आवाज बसला. दुसरीनं सही करून कोरे चेक दिले होते. रक्कम दुसऱ्यानं भरली म्हणून असा चेक बाद होत नाही. देणं नव्हतं हे सही करणाऱ्यानंच दाखवावं लागतं. तिसरी शिवणकामाचं दुकान चालवते. तिचा अकरा महिन्यांचा भाडेकरार स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला, नोंदणी नाही. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज आपल्याकडे फार घट्ट बसला आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नं प्रत्येक भाडेकरार लेखी आणि नोंदवलेला असायला हवा, आणि ती जबाबदारी जागामालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. अनामत बुडाली असं समजून ती रडत आली होती. हे ऐकल्यावर मालकाशी बोलायला गेली.

या तिघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं, की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. १९८७ च्या कायद्यातच ते आहे. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आता मी वर्कशॉपच्या भिंतीवर लिहून ठेवला आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि नागरिकांनी त्यासाठी कित्येक वर्षं लढा दिला. माझे सासरेही मोर्चाला गेले होते. आम्हाला त्याचा फार आनंद आहे. पण आमच्यासारख्यांची बाजू बहुतेक वेळा कोर्टाची पायरी चढण्याआधीच, घरात, फोनजवळ बसल्या बसल्या पडते. तिथं काही करता येईल का, हा माझा प्रश्न आहे.

माझी मागणी छोटी आहे. चेक परत आला की बँक मेमो देते, मोबाईलवर संदेश पाठवते. त्याच मेमोवर आणि त्याच संदेशात मुदत मराठीत लिहावी. औषधाच्या पाकिटावर मुदत छापतात, तशी. जिल्ह्यातल्या सहकारी बँकांनी आधी सुरुवात केली तर फार बरं होईल. त्यांचे सभासद आम्हीच आहोत. आपल्या दैनिकानं हा विषय बँकांपुढे आणि विधी सेवा प्राधिकरणापुढे मांडावा, ही कळकळीची विनंती. मजकूर काय असावा असं कोणी विचारलं तर मी लिहून ठेवला आहे. आमच्या वकिलांनी तो तपासून दिला आहे:

"आपला चेक न वटता परत आला आहे. कायदेशीर कारवाई करायची असल्यास आजपासून ३० दिवसांच्या आत चेक देणाऱ्यास लेखी नोटीस पाठवणे आवश्यक आहे. चेकच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत हा चेक पुन्हा भरता येईल. मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० वर संपर्क साधावा."

आपली नम्र,
एक लघुउद्योजिका
शिरोली, जि. कोल्हापूर